४३ अंशांत कोणता अ‍ॅम्प्लिफायर?

अ‍ॅम्प्लिफायरच्या क्लासचा पहिला हिशेब उष्णतेचा असतो, आवाजाचा त्यानंतर. ए, बी, एबी, डी ही अक्षरं आवाजाची प्रत सांगण्यासाठी ठरवलेलीच नाहीत. आउटपुटला बसवलेला व्हॉल्व्ह किंवा ट्रान्झिस्टर कोणत्या पद्धतीने काम करतो, संगीताच्या एका लहरीपैकी किती काळ तो प्रवाह वाहू देतो, एवढंच ती सांगतात. सॉकेटमधून घेतलेल्या विजेपैकी किती स्पीकरपर्यंत पोचते आणि किती लोखंडी डबा तापवण्यात जाते, हे त्यावरून ठरतं. थंड देशांत लिहिलेल्या लेखांत या उष्णतेला एखादी ओळ मिळते, कारण तिथे खोलीचं तापमान २० अंश गृहीत असतं. नांदेडला आणि लातूरला मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो. स्लॅबखालची वरच्या मजल्यावरची खोली रात्री दहापर्यंतही निवत नाही, आणि टीव्हीच्या शोकेसमध्ये कोंडलेल्या अ‍ॅम्प्लिफायरभोवतीची हवा तर त्याहून गरम असते. म्हणून इथल्या माणसाने क्लासची तुलना उष्णतेपासून आणि विजेपासून सुरू करावी असं मला वाटतं. तशी सुरू केली की आवाजाबद्दलचे बरेच वाद वाटेतच सुटतात.

मराठवाड्यातल्या घरांत अ‍ॅम्प्लिफायर शिरला तो रेडिओच्या पोटातून. निजामाच्या राज्यात १९३५ पासून हैदराबादहून डेक्कन रेडिओ ऐकू येत असे, पुढे आकाशवाणी आली. बैठकीत ठेवलेला मर्फी, फिलिप्स किंवा बुशचा विजेवरचा मोठा सेट मागून उघडला की लहान व्हॉल्व्हच्या रांगेच्या शेवटी, स्पीकरकडच्या टोकाला, एक जरा दांडगा व्हॉल्व्ह दिसायचा. बहुतेक घरगुती सेटमध्ये तो एकटाच असे, आणि एकटा असल्यामुळेच तो क्लास ए असे. आवाजाची लहर शून्याच्या वरही जाते आणि खालीही येते. दोन्ही बाजू एकट्याने सांभाळायच्या तर त्या व्हॉल्व्हमधून सतत मध्यम प्रवाह वाहता ठेवावा लागतो. लहर वर गेली की तो वाढतो, खाली आली की घटतो, पण बंद कधीच पडत नाही. निवेदक दोन वाक्यांमध्ये थांबला तरी व्हॉल्व्ह तेवढीच वीज खात असतो. अशा रचनेत ट्रान्सफॉर्मर जोडूनही कागदावरची कमाल कार्यक्षमता ५० टक्के भरते, प्रत्यक्षात त्याहून कमीच. चार-पाच वॅट आवाजासाठी सगळा सेट हात भाजण्याइतका गरम होई.

त्या रेडिओचा आवाज गोड होता असं वडीलधारी माणसं सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. पण तो गोडवा क्लास ए या दोन शब्दांत मावत नाही. लाकडी पेटी मोठी होती, वरचे कर्कश स्वर प्रसारणातच फारसे येत नव्हते, आणि एकट्या व्हॉल्व्हकडून होणारी विकृती विशिष्ट जातीची होती. ही जात समजून घेण्यासारखी आहे, कारण पुढची सगळी तुलना तिच्यावर उभी आहे.

कोणताही अ‍ॅम्प्लिफायर मूळ स्वराला थोडा वाकवतो आणि वाकवताना नवे स्वर जन्माला घालतो. मूळ कंपनांच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे ते असतात. षड्ज दिला तर दुप्पट कंपनांचा स्वर म्हणजे वरच्या सप्तकाचा षड्ज. तिप्पट म्हणजे त्याच्या वरचा पंचम. पाचपट म्हणजे गंधार, जो चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्यातून न छेडताच ऐकू येतो. हे सगळे घरचेच स्वर आहेत. एकट्या क्लास ए व्हॉल्व्हची विकृती मुख्यतः दुपटीची असते, म्हणजे षड्जावर षड्जच चढतो, आणि कानाला आवाज भरदार वाटतो. पण सातपट कंपनांचा स्वर कोमल निषादाच्याही खाली घसरलेला असतो. अकरापटीचा स्वर शुद्ध मध्यम आणि तीव्र मध्यम यांच्या मधेच अडकतो. असे स्वर किंचित मिसळले तरी गाण्याला कोरडी, खरखरीत किनार येते. विकृती किती टक्के आहे हे जितकं महत्त्वाचं, तितकंच ती कितव्या पटीची आहे हेही महत्त्वाचं. पेटीवर छापलेला आकडा त्यातला पहिला भागच सांगतो.

बॅटरीवर चालणारे ट्रान्झिस्टर रेडिओ आले आणि क्लास ए परवडेनासा झाला. वीज न पोचलेल्या गावात सेल आठवडाभरात संपवणारा रेडिओ कोण घेणार? तिथे क्लास बीची जोडी आली. दोन ट्रान्झिस्टर घ्यायचे, लहरीचा वरचा अर्धा भाग एकाने उचलायचा, खालचा दुसऱ्याने. समोरासमोर बसून जातं ओढणाऱ्या दोघींसारखं हे काम आहे. क्लास एच्या जोडीत दोघींचे हात पूर्ण फेरीभर खुंट्यावर असतात. क्लास बीमध्ये अर्धी फेरी झाली की एक हात सोडते आणि दुसरी धरते. श्रम निम्मे होतात, पण हात बदलतानाच्या क्षणी जातं किंचित अडखळतं. सिलिकॉन ट्रान्झिस्टरला चालू व्हायला साधारण ०.६ व्होल्ट लागतात. पहिला सुटला आणि दुसरा अजून जागा झाला नाही, अशी एक मृत जागा शून्याच्या आसपास तयार होते. तिला क्रॉसओव्हर विकृती म्हणतात.

ही विकृती वाईट अशासाठी की ती लहरीच्या शून्याजवळ घडते. आवाज मोठा असताना लहर शून्य पटकन ओलांडते आणि अडखळणं झाकलं जातं. आवाज लहान केला की सगळी लहर त्या मृत जागेच्या आसपासच वावरते, म्हणून विकृतीचं प्रमाण वाढतं. शिवाय तिच्यात सातपट, नऊपट, अकरापट अशा वरच्या विषम पटींचे स्वर भरपूर असतात. म्हणजे ती सर्वांत जास्त कधी उघडी पडते, तर रात्री घर झोपलेलं असताना हळू आवाजात लावलेल्या आलापात. तंबोऱ्याची जवारी म्हणजे बारीक वरच्या स्वरांचाच खेळ, तिच्यावर हे परके स्वर येऊन बसले की तंबोरा पत्र्यावर वाजल्यासारखा लागतो. ढोल-ताशात ही विकृती कोणाच्या लक्षातही येत नाही.

यावरचा उपाय म्हणजे क्लास एबी. दोघींपैकी एकीने हात सोडण्याआधीच दुसरीने खुंटा धरायचा. त्यासाठी शांततेतही दोन्ही ट्रान्झिस्टरमधून थोडा प्रवाह वाहता ठेवतात, त्याला बायस म्हणतात. शिवाय आउटपुटचा थोडा भाग उलटा फिरवून इनपुटशी ताडून पाहायचा, म्हणजे झालेली चूक तिथेच खोडली जाते. ऋण फीडबॅकची ही युक्ती अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेच्या हॅरोल्ड ब्लॅक यांना १९२७ मध्ये सुचली. या दोन गोष्टींच्या जोरावर एबीने गेली पन्नासेक वर्षं जगभराच्या दिवाणखान्यांवर राज्य केलं. आपल्याकडच्या कॅसेट प्लेअरमधली टीबीए ८१०, ऑटोरिक्षा आणि जीपमधल्या टेपमधली एलए ४४४०, होम थिएटरमधल्या टीडीए २०३० आणि एसटीके मालिकेतल्या आयसी, आणि मेकॅनिक लोक ज्याला नुसतं '५२००-१९४३' म्हणतात तो ट्रान्झिस्टरचा जोड, हे सगळं एबीच्याच घराण्यातलं. लातूरच्या गंजगोलाईच्या आसपास किंवा नांदेडच्या वजिराबादेत एखाद्या दुकानात असेंबल केलेला अ‍ॅम्प्लिफायर घेतला असेल तर तो बहुधा एबीच निघेल. नांदेडचा मेकॅनिक सुटे भाग आणायला हैदराबादच्या कोटीतल्या गुजराती गल्लीत जातो, लातूरचा पुण्याच्या तपकीर गल्लीत. माल दोन्हीकडे तोच.

आता उष्णता आणि आवाज जिथे एकत्र येतात ती जागा पाहू. ती जागा म्हणजे बायस.

ट्रान्झिस्टर तापला की त्याला चालू व्हायला लागणारं व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलीव्होल्टने कमी होतं. बायसचं व्होल्टेज तेवढंच राहिलं तर प्रवाह वाढतो. प्रवाह वाढला की ट्रान्झिस्टर आणखी तापतो, आणि आणखी प्रवाह ओढतो. जानेवारीत २० अंशांत ५० मिलीअँपिअरवर लावलेला बायस मे महिन्यात ४३ अंशांत, काहीच काळजी घेतलेली नसेल तर, १०० मिलीअँपिअरच्या वर सहज जातो. हे चक्र सुटत गेलं तर आउटपुटचा जोड जळतो. म्हणून नीट बनवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बायस ठरवणारा छोटा ट्रान्झिस्टर किंवा डायोड आउटपुट ट्रान्झिस्टरच्या हीटसिंकलाच स्क्रूने आवळलेला असतो. हीटसिंक तापला की तोही तापतो आणि बायस आपोआप खाली ओढतो.

स्वस्त बोर्डांत हा भाग हीटसिंकपासून दूर, बोर्डावर उभा सोडलेला आढळतो. मग मेकॅनिकपुढे एकच सुरक्षित वाट उरते, ती म्हणजे बायस जवळजवळ शून्यावर आणून ठेवणं. ट्रान्झिस्टर जळत नाही, गिऱ्हाईक परत येत नाही, पण कागदावरचा एबी प्रत्यक्षात बी होऊन बसतो. उन्हाळ्याच्या भीतीने केलेली ही तडजोड बाराही महिने ऐकू येते. आपल्या भागातल्या असेंबल अ‍ॅम्प्लिफायरबद्दल 'मोठ्या आवाजात बरा वाजतो, हळू आवाजात रुक्ष वाटतो' अशी तक्रार ऐकली की माझा पहिला संशय स्पीकरवर जात नाही, बायसवर जातो. मोठा हीटसिंक आणि त्याला चिकटवलेला तो एक छोटा भाग एवढ्याने हा दोष जातो.

बायस योग्य असेल तर एबी किती दूर नेतो हेही पाहण्यासारखं आहे. बायस १०० मिलीअँपिअर असेल तर प्रवाह त्याच्या दुपटीपर्यंत, म्हणजे २०० मिलीअँपिअरपर्यंत पोचेस्तोवर दोन्ही ट्रान्झिस्टर चालूच राहतात. आठ ओमच्या स्पीकरवर ही मर्यादा ०.१६ वॅटची. आकडा क्षुल्लक वाटेल, पण घरात आपण ऐकतो किती? साधारण स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर ८६-८८ डेसिबल आवाज देतो. दहा-बारा फुटांच्या खोलीत संध्याकाळी निवांत ऐकताना आवाज ७०-७५ डेसिबल असतो, म्हणजे सरासरी एक दशांश वॅटच्या आसपास. याचा अर्थ, नीट लावलेला एबी रात्रीच्या हळू ऐकण्यात बहुतेक वेळ क्लास ए म्हणूनच चालतो. ज्या गोडव्यासाठी माणसं क्लास एच्या मागे धावतात, त्याचा महत्त्वाचा हिस्सा ७ वॅट उष्णतेत मिळून जातो.

मग ५० वॅट कशाला? तबल्याच्या थापेसाठी आणि पखवाजाच्या कणीक लावलेल्या तोंडाच्या घुमाऱ्यासाठी. संगीताची सरासरी आणि त्यातली शिखरं यांत २० डेसिबलचा फरक असू शकतो, आणि २० डेसिबल म्हणजे शंभरपट शक्ती. सरासरी ०.१ वॅट असेल तर थापेच्या क्षणी १० वॅट लागतात. थोडा आवाज वाढवला की हाच आकडा ४०-५० वर जातो. पेटीवर हजारो वॅट पीएमपीओ लिहिलेलं असलं तर ते वाचूच नये. आरएमएस वॅट किती, किती ओमला आणि किती विकृतीवर, एवढंच विचारावं.

खरा क्लास ए घरी हवा असेल तर त्याचा हिशेब असा. १९६९ च्या एप्रिलमध्ये जॉन लिन्सली हूड यांनी इंग्लंडच्या 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात १० वॅटच्या क्लास ए अ‍ॅम्प्लिफायरचं सर्किट प्रसिद्ध केलं. चॅनलमागे अवघे चार ट्रान्झिस्टर, आणि आवाज इतका निर्मळ की पन्नास वर्षांनंतरही त्याचे बोर्ड विकले जातात. आठ ओमच्या स्पीकरसाठी त्याला २७ व्होल्टवर १.२ अँपिअर सतत लागतात, म्हणजे चॅनलला ३२ वॅट, दोन चॅनलला ६५. गाणं चालू असो वा नसो. प्रत्येक चॅनलला दर वॅटला १ अंश चढणारा चांगला मोठा हीटसिंक लावला तर २० अंशांच्या खोलीत तो ५२ अंशांवर स्थिरावतो. आपल्याकडे ४३ अंशांत तोच ७५ वर, आणि बंद शोकेसमध्ये ८० च्या पलीकडे. शेजारच्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचं आयुष्य दर दहा अंशांना निम्मं होतं असा ढोबळ नियम आहे. म्हणजे इंग्लंडात वीस वर्षं टिकणारा कंडेन्सर इथे चार-पाच वर्षांत कोरडा पडेल. हिवाळ्यातल्या चार महिन्यांसाठी, उघड्या कट्ट्यावर, हीटसिंक दुप्पट करून हा अ‍ॅम्प्लिफायर बांधावा आणि जीव ओतून ऐकावा. हौसेची ती सुंदर वस्तू आहे. पण बाराही महिने घरात चालणारा एकमेव अ‍ॅम्प्लिफायर म्हणून मी लातूरच्या कोणाला तो सुचवणार नाही.

क्लास सी घरात येत नाही. तो रेडिओ प्रसारणाच्या ट्रान्समीटरमधला, लहरीचा अर्ध्याहून कमी भाग हाताळणारा. क्लास जी आणि एच म्हणजे गरजेनुसार सप्लायचं व्होल्टेज बदलणारे एबीचेच भाऊ. हिताचीने १९७७ मध्ये क्लास जी बाजारात आणला, आणि आज मिरवणुकीतल्या हजार-दोन हजार वॅटच्या अवजड अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ही तत्त्वं कामाला येतात. दिवाणखान्यासाठी त्यांची फारशी गरज पडत नाही.

राहिला क्लास डी. दुकानदार त्याला 'डिजिटल' म्हणून विकतात, पण तो तसा नाही. या आधीच्या सगळ्या क्लासांत ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा असतो. त्याच्यावर व्होल्टेजही असतं आणि त्यातून प्रवाहही वाहत असतो, आणि दोहोंचा गुणाकार म्हणजे उष्णता. डीमध्ये ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण उघडा, नाहीतर पूर्ण बंद. उघडा असताना त्याच्यावर व्होल्टेज जवळजवळ नसतं, बंद असताना प्रवाह नसतो, म्हणून गुणाकार दोन्ही वेळा लहान येतो. सेकंदाला चार-पाच लाख वेळा ही उघडझाप चालते. संगीताची लहर वर असेल तर उघडा राहण्याचा काळ थोडा वाढवायचा, खाली असेल तर थोडा कमी करायचा. बाहेर एक कॉइल आणि एक कंडेन्सर ही वेगवान उघडझाप गाळून टाकतात, आणि स्पीकरला उरते ती सरासरी, म्हणजे गाणं. पूर्ण शक्तीवर कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास.

कल्पना जुनी आहे. १९६४ मध्ये इंग्लंडच्या सिंक्लेअर कंपनीने एक्स-१० नावाचा क्लास डी संच विकायला काढला होता. तेव्हाचे ट्रान्झिस्टर इतक्या वेगाने उघडझाप करू शकत नव्हते, शक्ती जाहिरातीइतकी मिळत नव्हती, आणि शेजारच्या रेडिओत खरखर येई. १९७० च्या दशकाच्या अखेरीस सोनीने प्रयत्न केला, तोही फार टिकला नाही. डीची बदनामी त्या काळापासूनची आहे, आणि ती तेव्हा योग्यच होती. मॉसफेट जातीचे वेगवान ट्रान्झिस्टर आले आणि परिस्थिती पालटली. तरी एक मोठा दोष बरीच वर्षं राहिला. फीडबॅक गाळणीच्या आधी घेतला जाई, त्यामुळे गाळणीची स्वतःची चूक कोणी सुधारत नसे, आणि स्पीकर बदलला की वरच्या स्वरांचा तोलही बदले. फिलिप्समध्ये काम करणारे बेल्जियन अभियंता ब्रुनो पुत्झेस यांनी या शतकाच्या सुरुवातीला फीडबॅक गाळणीनंतर, थेट स्पीकरच्या टोकावरून घेण्याची पद्धत यशस्वी केली. त्यांच्या पुढच्या रचनांत विकृती टक्क्याच्या काही हजाराव्या भागांपर्यंत खाली आली. 'डी म्हणजे कोरडा आवाज' हे वाक्य आज निर्विवाद धरून चालता येत नाही. कोणता डी, हे विचारावं लागतं.

आपल्या भागासाठी डीचा दुसरा गुण मला तितकाच मोठा वाटतो, आणि तो विजेशी जोडलेला आहे. शेतीपंप सुरू झाले की गावाकडच्या लाइनवर २३० व्होल्टचे १७० होतात. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आतला सप्लायही त्याच प्रमाणात खाली येतो. शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ५० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर २७ वॅटचा होऊन बसतो. मग ज्या थापेला काल जागा होती तिचा माथा आज कापला जातो, आणि माणूस स्पीकरला दोष देतो. उलट रात्री पंप बंद झाले आणि लाइन २७० वर उडी मारून गेली, तर ३२ व्होल्टचा सप्लाय साडेसदतीसवर जातो. पैसे वाचवायला लावलेला ३५ व्होल्टचा फिल्टर कंडेन्सर तेव्हा फुगतो. म्हणून तिथे ५० व्होल्टचाच कंडेन्सर मागून घ्यावा. डी अ‍ॅम्प्लिफायरबरोबर सहसा स्विचिंग सप्लाय येतो, आणि चांगला सप्लाय ९० ते २६० व्होल्टपर्यंत काहीही आलं तरी आतलं व्होल्टेज हलू देत नाही. लोडशेडिंगच्या दिवसांत घरोघरी आलेल्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मर घरघरतो आणि ती घरघर स्पीकरमध्येही उतरते. स्विचिंग सप्लायला तिचा त्रास फार कमी होतो.

मात्र ज्या बोर्डात फीडबॅक नावापुरता आहे तिथे हे वरदान उलटतं. डीचा ट्रान्झिस्टर सप्लाय थेट स्पीकरला जोडत असतो, त्यामुळे सप्लायमधला प्रत्येक डाग आवाजात जातो. टीपीए ३११६ या चिपचे छोटे बोर्ड आता तालुक्याच्या दुकानांतही मिळतात, आणि चिप खरी असेल तर ती या किमतीत फारच चांगली आहे. पण बोर्डावर छापलेले वॅट जास्त व्होल्टेजवरचे, चार ओमचे आणि १० टक्के विकृतीचे असतात. जुन्या लॅपटॉपच्या १९ व्होल्टच्या चार्जरवर आठ ओमच्या स्पीकरला ती साधारण २० वॅट स्वच्छ देते. लहान खोलीला तेवढे पुरतात. अजून एक गोष्ट. या उघडझापीच्या पटी मध्यम लहरींच्या पट्ट्यातच पडतात. आकाशवाणीचं परभणी केंद्र मध्यम लहरींवर ऐकण्याची सवय असलेल्या घरात रेडिओ आणि उघडा डी बोर्ड एका टेबलावर ठेवले तर रेडिओत खरखर येते. म्हणूनच या चिपमध्ये उघडझापीचा वेग बदलायची सोय ठेवलेली आहे. धातूची पेटी आणि स्पीकरच्या आखूड, पीळ दिलेल्या तारा हा त्यावरचा साधा इलाज.

आता मूळ प्रश्न. क्लास बदलला की आवाज ऐकू येण्याइतका बदलतो का? १९७८ मध्ये 'वायरलेस वर्ल्ड'मध्ये जेम्स मोयर यांनी केलेल्या एका चाचणीचा वृत्तांत आला. क्वाड कंपनीचे तीन अ‍ॅम्प्लिफायर घेतले होते: १९५३ चा व्हॉल्व्हचा क्वाड टू, १९६७ चा ट्रान्झिस्टरचा ३०३, आणि १९७५ चा ४०५, ज्यात एक छोटा क्लास ए भाग मोठ्या शक्तीच्या ट्रान्झिस्टरच्या चुका सुधारतो. तीन पिढ्या, तीन वेगळ्या कार्यपद्धती. कोणता वाजतोय हे न सांगता, आवाजाची पातळी सारखी करून अनुभवी श्रोत्यांना ऐकवलं, आणि योगायोगापेक्षा जास्त वेळा कोणालाही ते वेगळे ओळखता आले नाहीत. त्या तिघांत दोन गोष्टी समान होत्या. ते उत्तम बांधलेले होते, आणि चाचणीत त्यांना त्यांच्या ताकदीबाहेर ढकललं नव्हतं. म्हणजे फरक क्लासमध्ये शोधण्यापेक्षा बांधणीत आणि उरलेल्या ताकदीत शोधावा.

ही चाचणी घरीही करता येते आणि ती प्रत्येक हौशी माणसाने करावी. मात्र पातळी आधी जुळवून. दोन अ‍ॅम्प्लिफायरपैकी किंचित मोठा वाजणारा नेहमीच चांगला वाटतो, 'जास्त मोकळा', 'जास्त जिवंत' असे शब्द आपण त्याला बहाल करतो. मोबाइलवरून ४०० हर्ट्झचा एकसुरी आवाज लावावा, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टोकांवर धरावा, आणि एका अ‍ॅम्प्लिफायरवर २ व्होल्ट येत असतील तर दुसऱ्यावरही २ च आणावेत. पाच शतांश व्होल्टचाही फरक राहू देऊ नये. मग घरातल्या कोणालातरी तारा बदलायला सांगून पाठमोरं बसावं. गाणी हळू आवाजातली निवडावीत: विलंबित ख्यालाचा आरंभ, नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यातल्या कीर्तनातला एकटा वाजा, टाळांशिवायचा अभंग. बायस चुकलेला एबी तिथे लगेच पकडला जातो. बायस बरोबर असलेला एबी आणि चांगला डी यांच्यात मात्र बहुतेकांना पैज जिंकता येणार नाही.

जो फरक पाठमोरं बसूनही कोणालाही ऐकू येतो तो स्पीकरचा आणि खोलीचा. मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरात लाकडी छत, मातीचा गिलावा, धान्याच्या कणग्या, गाद्यांच्या चळती होत्या, आणि आवाज त्यात मुरत असे. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लोकांचा दगड-मातीवरचा विश्वास उडाला. लातूर-उस्मानाबादकडे काँक्रीटची घरं आली, आणि जिवाच्या सुरक्षिततेसाठी ती यायलाच हवी होती. पण स्लॅब, फरशी आणि रंगवलेल्या सपाट भिंती यांच्यामध्ये आवाज टोलवला जातो, गायकाचे शब्द एकमेकांवर चढतात. जमिनीवर जाड सतरंजी, समोरच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट आणि खिडकीला जाड पडदा एवढ्याने जो फरक पडतो तो एबीवरून डीवर जाऊन पडत नाही.

तरी निवड करायचीच तर माझी अशी आहे. शहरात, वीज बरी असलेल्या घरात, खोलीत हवा खेळती असेल तर ४०-५० वॅटचा, मोठ्या हीटसिंकचा आणि बायस तपासून लावलेला एबी. तो बिघडला तर नांदेड-लातूरचा कोणताही मेकॅनिक दुरुस्त करू शकतो, आणि ही फार मोठी गोष्ट आहे. डी बोर्ड जळला तर तो फेकून नवाच घ्यावा लागतो. गावाकडे, जिथे लाइन वर-खाली होते, किंवा जिथे अ‍ॅम्प्लिफायर बंद कपाटातच ठेवायचा आहे तिथे चांगल्या स्विचिंग सप्लायचा डी. '५२००-१९४३'चे नकली जोड बाजारात भरपूर आहेत, त्यांच्या आतली चिप लहान असते आणि ते पहिल्या उन्हाळ्यातच जातात. दोन-तीनशे रुपये वाचवण्याची ही जागा नव्हे.

आणि जुन्या एबीच्या पेटीत नवा डी बोर्ड बसवणार असाल तर मेकॅनिकला एक गोष्ट आधी दाखवा. जुन्या पेटीत दोन्ही स्पीकरच्या उणे तारा बहुधा एकत्र करून पेटीच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. टीपीए ३११६ सारख्या बोर्डात स्पीकरची दोन्ही टोकं जिवंत असतात, तिथे उणे म्हणून रिकामी तार नसतेच. त्या दोन तारा एकमेकींना किंवा पत्र्याला जोडलेल्या राहिल्या तर स्विच दाबताक्षणी चिप बंद पडते, कधी कायमची. प्रत्येक स्पीकरच्या दोन स्वतंत्र तारा बोर्डापर्यंत न्याव्यात, पत्र्याला कुठेही स्पर्श होत नाही ना ते मल्टिमीटरने पाहावं, आणि मगच चार्जर लावावा.